पार्कात फिरा, पण साखळ्यांची टोपली दिसली की जरा थांबा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक लेख आला होता, आईने त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला म्हणून वाचायला मिळाला. लेख चांगलाच होता, औषधांची प्रिस्क्रिप्शन्स जवळ ठेवा, लोणचं चेक-इन बॅगेत टाका, इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात बसू नका, सगळं बरोबर. फक्त "सकाळ-संध्याकाळ जवळच्या पार्कात बिनधास्त फिरा" हे वाक्य वाचून थांबलो. फिरायला तर पाहिजेच हो, नाहीतर मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर सहा महिने चार भिंतींत काढायचे कसे, पण त्या 'बिनधास्त'वर माझा आक्षेप आहे आणि त्यासाठीच हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल.

मी मूळचा सांगलीचा, सध्या नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला असतो. इथे डिस्क गोल्फ जबरदस्त चालतं, २०१२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप याच गावात झाली होती, आणि मी पण ऑफिस सुटलं की उन्हाळ्यात उजेड असेपर्यंत खेळत असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल्फसारखाच खेळ, फक्त बॉल आणि काठीच्या जागी फ्रिस्बीसारखी तबकडी. एका ठरलेल्या जागेवरून फेकायची, पडेल तिथून पुढे फेकायची आणि कमीत कमी थ्रोमध्ये टोपलीत घालायची. अशा खेळाच्या जागेला कोर्स म्हणतात, एका कोर्सवर साधारण ९ किंवा १८ टोपल्या. त्याला होल म्हणतात पण जमिनीत भोक वगैरे काही नसतं, एक लोखंडी खांब, त्याला वरून साखळ्या लटकवलेल्या आणि खाली जाळीची टोपली. आपले नवीन आलेले आजी-आजोबा त्याला कचऱ्याचा डबा समजतात, मी केळ्याची सालं पाहिली आहेत त्यात. आपलेच असं नाही, कॉफीचे कप टाकणारे इथले पण भरपूर आहेत.

आता ही तबकडी म्हणजे बीचवर पोरं खेळतात ती फ्रिस्बी नव्हे, सगळा घोळ इथेच होतो. लांब फेकायची डिस्क कडक प्लास्टिकची असते, व्यासाने लहान, कड बारीक आणि वजन १७५ ग्रॅमच्या आसपास. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे डिस्क त्याहूनही थोडी जडच, आणि साधा माझ्यासारखा हौशी माणूस पण ती ताशी ७०-८० किलोमीटरने सोडतो, चांगले खेळाडू शंभरच्या बरेच पुढे जातात. २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात वारा पाठीशी घेऊन डेव्हिड विगिन्सने ३३८ मीटर फेकली होती, तो रेकॉर्डसाठी केलेला थ्रो होता हे मान्य, पण साध्या पार्कातसुद्धा फेकणारा तुमच्यापासून ७०-८० मीटर लांब झाडाआड उभा असू शकतो आणि तुम्हाला तो दिसतही नाही. सीझन बॉल निदान जमिनीवर आपटताना आवाज तरी करतो, डिस्क हवेत जवळजवळ गपचूप येते.

आणि या खेळाला कुंपण नसतं. खऱ्या गोल्फ क्लबात तुम्ही-आम्ही सहज शिरू शकत नाही, इथे तसं काही नाही. याचं कारण खेळ सुरूच सार्वजनिक बागेत झाला. एड हेडरिक म्हणून एक गृहस्थ होते, फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेले, त्यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स उभा केला, आधी नुसते खांब होते, मग साखळ्यांची टोपली त्यांनीच काढली आणि तिचं पेटंट घेतलं. २००२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या, असं वेड. सांगायचा मुद्दा काय, पार्कात जागा आहे, झाडं आहेत, चार पैशांच्या टोपल्या रोवल्या की कोर्स तयार, तिकीट बहुतेक ठिकाणी नाहीच. कोविडमध्ये जिम-बिम बंद होतं तेव्हा तर गर्दी एकदम वाढली, आणि ज्या पायवाटेवर आजवर फक्त कुत्रं फिरवणारे आणि जॉगिंगवाले होते तीच वाट आता दोन-चार फेअरवे, म्हणजे डिस्क फेकायचे गवताचे पट्टे, कापत जाते. जागा एकच, हक्क सगळ्यांचा, आणि मध्ये साधी दोरीसुद्धा नाही.

माझ्या एका मित्राचे सासरे मागच्या उन्हाळ्यात आले होते, साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. सकाळी नियमाने फिरायला. पार्कात छान कापलेलं गवत दिसलं म्हणून पायवाट सोडून त्यावरून चालले होते, आणि चालणाऱ्याला कसं कळणार की तो फेअरवे आहे, तिथेच तर डिस्क पडतात. भुवईच्या वर लागली. टाके पडले, डोळा वाचला हे नशीब. मित्र पोचला तेव्हा फेकणारा पोरगा तिथेच बसून होता, पांढराफटक पडलेला, पळून गेला नाही हे त्याचं चांगलं, स्वतःचा टॉवेल दाबून धरला होता त्याने. पण तोंडात सारखं एकच, मी 'फोर' ओरडलो होतो, मी 'फोर' ओरडलो होतो. ('फोर' म्हणजे गोल्फमधली 'सांभाळा' अशी आरोळी.) पुढे हॉस्पिटल, इन्शुरन्सचं डिडक्टिबल म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, त्या फोनवर तासतास थांबणं, ती वेगळीच कथा आहे, ती लिहायला बसलो तर पुरवणी पुरायची नाही.

मला राग आला तो त्या 'ओरडलो होतो' वर. अरे बाबा, ओरडलास म्हणजे माणूस दिसला, आणि डिस्क हातातून सुटल्यावर दिसला म्हणजे आधी बघितलं नव्हतंस. ती आरोळी असते झाडाला आपटून डिस्क भलतीकडे वळली, वाऱ्याने उचलली, हातातून लवकर सटकली तर. समोर माणूस असताना फेकायची आणि वरून ओरडायचं असा तो प्रकार नाही. आणि ज्यांना उद्देशून ओरडायचं त्या साताऱ्याच्या गुरुजींना 'फोर' म्हणजे काय हे कोणी सांगितलं होतं? त्यांनी आवाज ऐकला आणि कोण ओरडतंय म्हणून मान वर करून बघितलं. कोणीही असंच करेल.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, खेळाच्या नियमातच आहे. पीडीजीए म्हणजे प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, ही यांची संघटना १९७६ पासूनची, तिच्या नियमपुस्तकात शिष्टाचाराचा वेगळा नियम आहे, त्यात स्वच्छ म्हटलंय की थ्रोने कोणाला इजा होऊ शकत असेल किंवा दुसऱ्या खेळाडूचं लक्ष विचलित होत असेल तर फेकायचंच नाही. मॅचमध्ये पहिल्या वेळी वॉर्निंग, पुढच्या प्रत्येक वेळी एक थ्रो दंड. पार्कातल्या रविवारच्या खेळात अंपायर कुठून असणार, तिथे ज्याचं त्यानेच बघायचं.

आणि बघणारे बघतातही, हे पण लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल इथे सगळे दिसेल त्याला हाणत सुटलेत. आमच्या कोर्सवर पाचवं होल पायवाटेला आडवं जातं. तिथे एक साठीचे गृहस्थ नेहमी दिसतात, गुडघ्याला पट्टा, खांद्याला जुनी बॅग. हात मागे नेलेला असतो, अंगात लय आलेली असते, फेकणार इतक्यात कोपऱ्यावर एखादी बाई दिसते, कानात इअरफोन, ढकलगाडीत पोर, तिला पत्ताच नाही आपण कुठून चाललोय त्याचा. हे हात खाली घेतात, डिस्क पोटाशी धरतात आणि उभे राहतात. शिट्टी नाही, 'ओ मॅडम' नाही, घड्याळाकडे बघणं नाही. ती बाई आणि गाडी पार पलीकडच्या झाडांआड जाईपर्यंत. मग परत पहिल्यापासून पाय मोजून फेकतात. त्यांच्याबरोबर खेळलं की आपोआप आपणही नीट वागतो.

जिथे टोपली चढाच्या पलीकडे किंवा दाट पाइनच्या मागे असते तिथे एकाने पुढे जाऊन उभं राहायचं आणि वाट मोकळी असली की हात वर करायचा, ही पद्धत आहे. काही कोर्सवर अशा आंधळ्या होलजवळ चक्क घंटा टांगलेली असते, आपलं खेळून झालं आणि बाजूला झालो की वाजवायची म्हणजे मागच्यांना कळतं. देवळात आपण आत जाताना वाजवतो, इथे बाहेर पडताना. आपल्या पोरांना ती घंटा फार आवडते आणि ती येता-जाता उगाच वाजवतात, आईबाप कौतुकाने व्हिडिओ काढतात, आणि मागे डोंगराआड उभा असलेला माणूस समजतो की रस्ता मोकळा झाला. कृपा करून त्या घंटेला हात लावू देऊ नका.

आता आपल्याच मंडळींकडे येतो, रागावू नका. आयटीतली आपली मुलं वीकेंडला आठ-दहा जण मिळून येतात, एक डिस्क सगळ्यांत, ब्लूटूथ स्पीकरवर गाणी, बरोबर बायका-पोरं, डबे. मजा करायला कोणाची ना नाही, पण चारपेक्षा जास्त जण एका ग्रुपमध्ये असले की खेळ रेंगाळतो, आणि मागे दोघे जण वीस मिनिटं उभे आहेत हे दिसूनही 'तुम्ही व्हा पुढे' म्हणायचं सुचत नाही. एवढं एक वाक्य बोललात तरी समोरचा खूश होतो, खरंच सांगतो, पुढे जाताना दोनदा थँक्यू म्हणून जातो. दुसरं, एकजण फेकत असताना बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं असतं, आपल्याकडे पाच जण आधीच पुढे चालायला लागलेले असतात, त्यातला एक मागे वळून म्हणतो "टाक रे, लागत नाही". टोपलीपासून जो सगळ्यात लांब त्याने आधी फेकायचं हा नियम नुसता शिस्तीसाठी नाही, त्यामुळे फेकणाऱ्याच्या पुढे कोणी राहतच नाही. आणि चटई टोपलीखाली अंथरू नका! सावली तिथे चांगली असते मला माहितीये, पण अख्खा कोर्स ज्या एका ठिकाणाकडे डिस्क फेकतोय तिथे बसून ढोकळा खायचा म्हणजे कमाल आहे.

उलट बाजूने इथले काही दादा लोक पण आहेत. पुढचे हळू खेळतायत म्हणून त्यांना 'कळावं' अशी त्यांच्या डोक्यावरून डिस्क सोडायची. याच्यासारखा नालायकपणा नाही, आणि असं करणारे बहुतेक वेळा चांगले खेळणारे असतात, दहा-बारा डिस्कची महागडी बॅग पाठीवर. हात किती चांगला चालतो यावरून माणूस कळत नाही. दोनदा तीनदा त्यांच्याशी वाद घातलाय, पुढे जाऊन शांतपणे विचारायचं, बाबा, तुझी डिस्क माझ्या पोराच्या डोक्यावरून गेली, नाव काय तुझं? निम्मे तिथेच गार होतात.

फिरायला जाणाऱ्या काका-काकूंसाठी आता कामाचं. टोपली दिसली की आजूबाजूला सिमेंटचा एक लांबट चौकोनी ओटा शोधा, जमिनीलगत असतो, शेजारी पाटीवर होलचा नंबर आणि अंतर फुटात लिहिलेलं. तिथून फेकतात. म्हणजे ओट्यापासून टोपलीपर्यंतचा पट्टा हा धोक्याचा, तो शक्यतो ओलांडूच नका, ओलांडायचा असेल तर ओट्याकडे बघा, कोणी उभा असेल तर हात दाखवा, तो थांबेल. थांबणं त्याचं काम आहे, तुम्ही संकोचून धावत सुटायची गरज नाही, गुडघे सांभाळा. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली डिस्क शेवटी वेग कमी झाला की फेकणाऱ्याच्या डावीकडे वळत खाली येते, आणि बहुतेक लोक उजवेच, त्यामुळे बाजूला उभं राहायची वेळ आली तर फेकणाऱ्याच्या डाव्या अंगाला नको, आणि खरं तर त्याच्या मागेच जाऊन उभे राहा, सगळ्यात सेफ. 'फोर' ऐकू आलं तर वर बघायचं नाही. पाठ फिरवा, मान खाली आणि दोन्ही हात डोक्यावर. इअरफोनवर कीर्तन चालू असेल तर तेवढ्या भागापुरतं एका कानातून काढा.

गवतात पडलेली डिस्क उचलू नका. कोणाची तरी हरवलीये असं वाटतं, पण बहुतेक वेळा तिचा मालक चालत येतच असतो आणि त्याला तिथूनच पुढे फेकायचं असतं. एका आजोबांनी अशी गुलाबी डिस्क उचलली, धोतराला, म्हणजे ट्रॅकपँटला, नीट पुसली आणि नेऊन टोपलीत व्यवस्थित ठेवून दिली, वर त्या मुलाला हात करून दाखवलं की ठेवलीये हां. ज्याची होती तो पोटभर हसला आणि त्याने आजोबांबरोबर सेल्फी काढला, पण सगळेच असे नसतात, आणि स्पर्धा चालू असली तर बिचाऱ्याची चांगलीच पंचाईत व्हायची. ओढ्यात, झुडपात खरंच बेवारस सापडली तर उलटी करून बघा, मागे मार्करने नाव आणि फोन नंबर असतो. मुलाला सांगून मेसेज करा. लोक एका जुन्या डिस्कसाठी अर्धा तास गाडी चालवत येतात, जीव असतो त्यांचा तिच्यावर. तळ्यात पडलेली मात्र पडू द्या, फ्लोरिडात २०२२ मध्ये लार्गोच्या एका पार्कात तळ्यातल्या डिस्क काढायला उतरलेल्या माणसाचा मगरीच्या जातीच्या अ‍ॅलिगेटरच्या हल्ल्यात जीव गेला.

तुम्ही म्हणाल हे सगळं अमेरिकेतलं, इथल्या पेपरात कशाला. एक तर वाचणाऱ्यांतल्या कितीतरी घरांतून दर उन्हाळ्यात कोणीतरी इकडे येतंच. आणि दुसरं म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर जे झालं ते मला इथे बसून पण विसरता आलेलं नाही. एका मैदानावर दोन मॅच, फील्डिंग करणाऱ्या ५२ वर्षांच्या माणसाला शेजारच्या मॅचचा बॉल कानामागे लागला आणि ते गेले. सांगलीतही आम्ही असेच वाढलो, संध्याकाळी एका ग्राउंडवर चार मॅच, याचा लाँगऑन तो त्याचा स्लिप, मधून सायकलवाले, आणि कोणाला बॉल लागला की आधी त्यालाच शिव्या, "दिसत नाही का, मॅच चालू आहे". लागलेल्यानेच सॉरी म्हणायचं.

बॅट्समनचं एकवेळ समजू शकतो, बॉल अंगावर आला की त्याला अर्धा सेकंद पण मिळत नाही, तिथे पिच कुठे आखलं, किती मॅचना परवानगी दिली हे ठरवणाऱ्यांना धरलं पाहिजे. पण डिस्क गोल्फवाल्याला कोण घाई करतंय? समोरून कोणी काही टाकत नाही, वेळ सगळा त्याच्या हातात, ओट्यावर उभं राहून डावीकडे-उजवीकडे बघायला दहा सेकंद लागतात. म्हणून या खेळात 'चुकून लागली' हे मला फारसं पटत नाही, पाचातल्या चार वेळा तरी बघितलेलं नसतं. आणि म्हणूनच, जी आपली मुलं नवीन नवीन खेळायला लागलीयेत, "फ्रिस्बीच तर आहे यार" म्हणणारी, त्यांच्या आईबापांनी हे पत्र त्यांना फॉरवर्ड केलं तर मला जास्त आनंद होईल, कारण आजी-आजोबा सहा महिन्यांनी परत जाणार आणि ही पोरं इथेच खेळणार.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी तो लेख छापाल तेव्हा लोणच्याच्या शेजारी चार ओळींची चौकट टाका, साखळ्यांच्या टोपलीचा छोटा फोटो टाकून, आणि खाली तो कचऱ्याचा डबा नाही एवढं तरी लिहा. फोटो हवा असेल तर मी काढून पाठवतो, आमच्या कोर्सवर नवव्या होलची टोपली नवीन पिवळी बसवलीये, छान दिसते.

आपला,
एक सांगलीकर वाचक
शार्लट, नॉर्थ कॅरोलायना